ॲपमध्ये पैसे अडकले? सरकारी वकील तुमच्यासाठी कोर्टात कसा उभा राहतो, समजून घ्या

परवा वसमतहून माझ्या मावसभावाचा फोन आला. हळदीच्या पट्टीतले एक लाख ऐंशी हजार रुपये त्यानं एका ॲपमध्ये टाकले होते. महिन्याला सहा टक्के मिळतील, मुद्दल कधीही काढता येईल, असं सांगणारा माणूस त्याच्याच गावातला. पहिले तीन महिने पैसे खात्यावर आलेही. चौथ्या महिन्यापासून स्क्रीनवर एकच ओळ, 'विथड्रॉवल पेंडिंग'.

"दादा, पैसे निघंनात," असं तो दोनदा म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "तूच लिहिलं होतंस ना, अमेरिकेत तिथल्या राज्य सरकारनंच फेसबुकच्या कंपनीवर केस टाकली म्हणून? मग आपलं सरकार आपल्यासाठी का टाकत नाही?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आपल्याकडेही तशी सोय आहे आणि ती महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. म्हणजे परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, त्याच वर्षापासून. फक्त तिची वाट वेगळी आहे आणि सुरुवात तुम्हाला करावी लागते. ती कशी, तेच आज बघू.

अमेरिकेत नेमकं काय होतं?

तिथल्या प्रत्येक राज्याला एक ॲटर्नी जनरल असतो, म्हणजे राज्याचा मुख्य वकील. लोकांचं नुकसान करणाऱ्या कंपनीवर तो राज्याच्या वतीनं थेट दावा लावू शकतो. १९९८ मध्ये ४६ राज्यांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी तडजोड केली आणि कंपन्यांनी पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. टेक्सास राज्यानं २०२२ मध्ये मेटावर दावा लावला. लोकांच्या फोटोंतून चेहऱ्यांची ओळख त्यांना न विचारता साठवली, हा आरोप होता. जुलै २०२४ मध्ये मेटानं १.४ अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. असा पैसा बहुतेक राज्याच्या तिजोरीत जातो. ज्याचा फोटो वापरला, त्याच्या खात्यावर काही येत नाही.

आपल्याकडे सरकारचा वकील म्हणजे कोण?

सगळ्यात वर महाधिवक्ता. घटनेच्या कलम १६५ प्रमाणे राज्यपाल त्यांची नेमणूक करतात. त्यांच्याखाली उच्च न्यायालयातले सरकारी वकील आणि जिल्ह्यात जिल्हा सरकारी वकील. यांचं बरंचसं काम सरकारवर झालेल्या केसेसचा बचाव करण्याचं असतं. लोकांसाठी दावा लावायचे मार्गही आहेत. उदाहरणार्थ, सार्वजनिक उपद्रव होत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली महाधिवक्ता स्वतः दावा लावू शकतात.

पण बुडालेल्या ठेवींसाठी महाराष्ट्रानं खास हत्यार बनवलं. 'महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९'. बोलताना सगळे 'एमपीआयडी कायदा' म्हणतात. मराठवाड्यात हे नाव अलीकडे बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट, छत्रपती संभाजीनगरची आदर्श पतसंस्था, या प्रकरणांत हाच कायदा लावला गेला.

साधा दावा लावला तर काय बिघडतं?

समजा माझ्या भावानं स्वतः वकील लावून पैसे वसुलीचा दावा केला. कोर्ट फी त्याची, वकिलाची फी त्याची, तारखा त्याच्या. तिकडे पैसे घेणारा दरम्यानच्या काळात जमीन भावजयीच्या नावावर करतो, गाडी विकतो, खातं रिकामं करतो. पाच वर्षांनी निकाल भावाच्या बाजूनं लागला, तरी वसूल कशातून करणार?

एमपीआयडी कायदा हा क्रम उलटा करतो. आधी मालमत्ता जप्त, मग युक्तिवाद. या एका गोष्टीसाठी हा कायदा समजून घ्यायला हवा.

केस पुढे कशी सरकते?

१. तक्रार. तुम्ही पोलिसांत जाता, ते बरोबरच आहे. पण कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जिल्ह्यातल्या ठेवीदारांची तक्रार घ्यायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनाही आहे. ती तक्रार आपल्या अहवालासह सरकारकडे पाठवायची आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना द्यायची, अशी जबाबदारीच त्यांच्यावर आहे. म्हणजे सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत, तालुका कुठलाही असो, हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचं दार उघडं आहे.

२. जप्ती. संस्थेनं पैसे परत केले नाहीत, अशी सरकारची खात्री झाली की राजपत्रात आदेश छापून मालमत्ता जप्त करता येते. ठेवींच्या पैशातून घेतलेली, मग ती दुसऱ्याच्या नावावर असली तरीही. ती पुरत नसेल, तर संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांची स्वतःची मालमत्तासुद्धा.

३. सांभाळ. जप्त झालेलं सगळं 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे जातं. हा अधिकारी उपजिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा चालत नाही.

४. कोर्ट. जप्तीचा आदेश छापून आल्यापासून ३० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्यानं विशेष न्यायालयात अर्ज करायचा, की ही जप्ती कायम करा. इथे सरकारनं नेमलेला विशेष सरकारी वकील उभा राहतो. समोरच्याला बाजू मांडायची पूर्ण संधी मिळते. मालमत्ता आधीच कुणाला बनावट व्यवहारानं विकली असेल, तर त्या घेणाऱ्यालाही कोर्ट खेचू शकतं.

५. वाटप. जप्ती कायम झाली की मालमत्तेचे पैसे करून ते ठेवीदारांत न्याय्य प्रमाणात वाटायचे. अमेरिकेपेक्षा हा मोठा फरक. इथे पैसा तिजोरीत न जाता ज्याचा गेला त्याच्याकडे परत यायला हवा.

शिवाय फौजदारी बाजू आहेच. कलम ३ खाली सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. 'आमचा हेतू चांगला होता, धंदा बसला' असं म्हणून सुटता येत नाही. व्यवहारात कधी जमणारच नाही असं आश्वासन देऊन पैसे घेतले आणि त्यामुळे परत करता आले नाहीत, तरी कायदा ते कपटच मानतो. महिन्याला सहा टक्के म्हणजे वर्षाला ७२ टक्के. कुठल्या धंद्यात निघतात हो एवढे?

"आम्ही तर फक्त प्लॅटफॉर्म आहोत"

ॲपवाले हमखास हेच म्हणतात. आम्ही ठेव घेतच नाही, आम्ही फक्त घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देतो. हाच मुद्दा महाराष्ट्र सरकारच्या वकिलांनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवलाय, आणि ती केस एका टेक्नॉलॉजी कंपनीशी जोडलेली होती.

नॅशनल स्पॉट एक्स्चेंज, म्हणजे एनएसईएल. शेतमालाचा व्यवहार कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर करायचा बाजार. मूळ कंपनी फायनान्शियल टेक्नॉलॉजीज, म्हणजे आताची ६३ मून्स टेक्नॉलॉजीज. शेअर दलालांच्या ऑफिसात चालणारं 'ओडिन' हे सॉफ्टवेअर याच कंपनीचं.

या बाजारात जोडीचे सौदे चालायचे. आज माल विकत घ्या, दोन दिवसांत पैसे भरा. त्याच वेळी तोच माल २५ दिवसांनी विकायचा दुसरा सौदा करा. दोन किमतींतला फरक तुमचा, वर्षाचा हिशेब १६ टक्क्यांच्या आसपास. गुंतवणूकदाराला ना एरंडी बघायची होती, ना भात. त्याला खात्यावर येणारं व्याज दिसत होतं. माल गोदामात आहे, असं सांगितलं जायचं.

३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबले. गोदामांत पुरेसा माल नाही, हे उघड झालं. सुमारे १३,००० जणांचे ५,६०० कोटी रुपये अडकले.

सरकारनं एमपीआयडी कायद्याखाली मूळ कंपनीची मालमत्ता जप्त केली. कंपनी उच्च न्यायालयात गेली. एनएसईएल फक्त व्यवहाराचं माध्यम आहे, पैसे तिच्याकडून नुसते पुढे जातात, तिनं ठेव घेतलेलीच नाही, हा त्यांचा मुद्दा. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो मान्य केला आणि जप्तीचे आदेश रद्द केले.

राज्य सरकार अपिलात गेलं. सरकारी वकिलांनी बोट ठेवलं ते कायद्यातल्या 'ठेव' या शब्दाच्या व्याख्येवर. व्याख्या मुद्दाम रुंद केलेली आहे. ठरलेल्या मुदतीनंतर किंवा अन्य प्रकारे परत करायचे म्हणून घेतलेले पैसे किंवा मौल्यवान माल, परतफेड रोख, मालाच्या रूपात किंवा सेवेच्या रूपात, व्याज असो वा नसो, सगळं यात बसतं. काही अपवाद कायद्यानंच दिलेत, जसं की मालासाठी दिलेला ॲडव्हान्स, भागीदाराचं भांडवल, बँकेकडून घेतलेलं कर्ज. २२ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं उचलून धरलं. एनएसईएल ही या कायद्याखालची वित्तीय संस्थाच आहे आणि जप्ती योग्य आहे, असा निकाल दिला.

इथे एक गोष्ट नीट वाचा. या निकालात कंपनीनं स्वतःची जाहिरात कशी केली होती, परताव्याबद्दल काय सांगितलं होतं, याला वजन मिळालं. स्वतःला काय म्हणवून घेता, यापेक्षा लोकांकडून काय घेतलंत आणि बदल्यात काय कबूल केलंत, हे कोर्टानं बघितलं.

या कायद्यालाच कोर्टात जगावं लागलं

सरकारी वकिलांची लढाई नुसती ठगांशी नव्हती. कंपन्या आणि बँकिंग हे विषय केंद्राचे, राज्याला असा कायदा करताच येत नाही, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २००५ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. तमिळनाडूतही असाच कायदा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवताना मुंबईचं मत चूक असल्याचं सांगितलं, आणि २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यावरही शिक्कामोर्तब केलं.

मग आली बँकांची अडचण. जप्त मालमत्ता आधीच बँकेकडे गहाण असेल, तर पहिला हक्क कुणाचा? मे २०२५ मध्ये एनएसईएलच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एमपीआयडी कायद्याखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर गहाणदार बँकेला ठेवीदारांच्या पुढे जाता येणार नाही. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, म्हणून जप्तीला आपोआप खीळ बसते, असंही नाही. साध्या ठेवीदारासाठी ही मोठी गोष्ट आहे.

सरकारी वकिलाच्या हातात पुरावा कुठून येतो?

तुमच्या फोनमधून. इथेच बहुतेकांची चूक होते.

पतसंस्थेत निदान पासबुक असतं, पावती असते, भिंतीवर बोर्ड असतो. ॲप एका रात्रीत गायब होतं. वैतागून लोक ॲप काढून टाकतात, ग्रुपमधून बाहेर पडतात, लाज वाटते म्हणून चॅट पुसतात. पुढे कोर्टात 'यांनी अमुक टक्के कबूल केले होते' हे सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा वकिलाकडे काहीच नसतं. एनएसईएलची पत्रकं, परिपत्रकं, नियमावली सगळं कागदावर होतं. तुमच्या ॲपचं काय आहे?

म्हणून हे जपा:

- ॲप काढू नका. योजना, व्याज, शिल्लक आणि 'पेंडिंग' दाखवणाऱ्या पानांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, तारीख दिसेल असं.
- ॲप लिंकवरून घेतलं असेल, तर ती एपीके फाइल फोनमध्येच राहू द्या.
- प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले, ते नाव लिहून काढा. बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या.
- जाहिराती, पोस्टर, व्हॉइस मेसेज, हॉटेलातल्या मीटिंगचे फोटो. आश्वासन सिद्ध होतं ते यातूनच.
- मूळ फोन सांभाळा. फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट आणि मूळ फोनमधला चॅट, यांची किंमत सारखी नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात. एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. ठरावीक गणित फाइलवर चालवलं की अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ निघते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ती ओळ पार वेगळी येते. त्यामुळे पुराव्याला मध्ये कुणी हात लावला का, ते लगेच कळतं. ही हॅश तुम्ही काढत बसायची गरज नाही. तपास अधिकारी आणि तज्ज्ञ ते करतील. तुमचं काम एवढंच, की मूळ फाइलला हात लावायचा नाही. त्यावर बाण काढू नका, कापू नका, रंगवू नका.

हा कायदा कुठे थिटा पडतो?

खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून हेही सांगतो.

जप्त करायला काही सापडलं, तरच वाटायला काही राहतं. परदेशात बसून भाड्याच्या खात्यांवर चालवलेलं ॲप असेल, तर इथे ना जमीन, ना इमारत. तिथे पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला, तर पैसा खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते.

दुसरं, जप्त मालमत्ता देण्यापेक्षा कमी भरली, तर सगळ्यांना त्या प्रमाणात कमी मिळतं. आणि तिसरं म्हणजे वेळ. एनएसईएल २०१३ ला थांबलं. गुंतवणूकदारांनी १,९५० कोटींच्या एकरकमी तडजोडीला कौल दिला तो २०२५ मध्ये. मधे बारा वर्षं गेली.

म्हणून केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा महत्त्वाचा. पैसे बुडायची वाट तो बघत नाही. नोंदणी नसलेली ठेव योजना चालवणंच गुन्हा. आणि अशा योजनेत पैसे टाका म्हणून लोकांना गळ घालणाऱ्यालाही एक ते पाच वर्षं कैद होऊ शकते. गावोगाव कमिशनवर फिरणाऱ्या पोरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. 'मी तर फक्त लिंक पाठवली' हे उत्तर चालेलच असं नाही. कंपनी नोंदलेली आहे का, हे पैसे टाकायच्या आधी रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं. तक्रारही तिथे करता येते.

"केस केली तर पैसे कायमचे अडकतील"

पैसे घेणारा हे वाक्य बोलतोच. माझ्या भावालाही त्या माणसानं हेच सांगितलं होतं. थोडं थांबा, कंपनी सेटल करायलीय, पोलिसांत गेलात तर सगळं सील होईल.

आता तुम्हाला कळलं असेल, की सील होणं ही ठेवीदाराच्या सोयीची गोष्ट आहे. सील न झालेली मालमत्ता विकली जाते. तुम्ही थांबता ते दिवस त्याला मिळतात.

भावाचं खरं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. "गावातलाच माणूस आहे रे. आणि लोक हसतील मला." मी त्याला म्हटलं, हसणाऱ्यांतले किती जण स्वतः अडकलेत, ते आधी विचारून बघ. त्यानं विचारलं. त्याच्या गल्लीतच चौघे निघाले, पुढच्या आठवड्यात अकरा. एकट्याचा अर्जही चालतो, पण अकरा अर्जांतून एकच आश्वासन, एकच खातं, एकच फोन नंबर दिसला, की योजना होती हे सरकारी वकिलाला दाखवणं सोपं जातं.

सोमवारी ते सगळे हिंगोलीला गेले. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिले, पोहोच घेतली, एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात दिली. पैसे कधी मिळतील, किती मिळतील, आज कुणीच सांगू शकत नाही. पण भावानं ॲप काढलेलं नाही. 'पेंडिंग' लिहिलेलं ते पान त्यानं तसंच ठेवलंय, आणि पोहोच घरच्या ट्रंकेत, हळदीच्या पट्ट्यांसोबत.